फटफटीला कंठ फुटतो तेव्हा

नवी बुलेट दारात आली, पेढे वाटून झाले, हँडलला लिंबू-मिरची लागली. आता पहिलं काम करा, तिचा सायलेन्सर काढून माळ्यावर टाका. तो बनवणाऱ्यांनी त्यावर भरपूर डोकं घातलं असेल, पण त्यांना तुमच्या गल्लीतलं काय कळतं? मुळात सायलेन्सर हे नावच अपमानास्पद. गप्प बसायचं असतं तर तुम्ही सायकल घेतली असती.

मग जोरात वाजणारा नवा सायलेन्सर, म्हणजे पुंगळी, आणायला जा. दुकानदार विचारेल, इंदुरी देऊ की पंजाबी? कुठलाही घ्या, फक्त घेताना दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून बघा. पलीकडचा उजेड दिसला की माल अस्सल. जुन्याच्या पोटात पडदे, कप्पे, भोकं पाडलेल्या नळ्या असला सगळा भुलभुलैया होता. धूर बिचारा वळणं घेत, दमत बाहेर यायचा आणि तोवर त्याचा आवाज बसलेला असायचा. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आयडलिंगला, सेकंदाला जेमतेम आठ ठोके. तेवढ्यावर शेजारची आजी दचकणार कशी? नवी पुंगळी लावली की ठोके तितकेच राहतात, पण प्रत्येक ठोका थेट आजीपर्यंत जातो.

पिकअप वाढतो का, हा प्रश्न मेकॅनिकला विचारू नका. पुंगळी त्याच्याच दुकानातली आहे. खरं तर प्रत्येक ठोक्यासरशी नळीतून दाबाची एक लाट जाते आणि तिचा काही भाग परत फिरतो. नळीची लांबी-रुंदी अशी बेतलेली असते, की परतलेल्या लाटेने वेळेवर येऊन जळका वायू ओढून काढावा आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण मात्र आतच राहावं. हे गणित तुम्ही ग्राइंडरने कापून टाकलंत, की इंजिन कमी फेऱ्यांवर असताना गाडी मरगळते. सिग्नल सुटल्यावर स्कूटीवरच्या काकू पुढे निघून जातील. जाऊ द्या. जो आवाज तुम्ही करताय, तो ऐकून आपण ऐंशीच्या स्पीडला आहोत असंच तुम्हाला वाटणार, आणि समाधान महत्त्वाचं.

कार्बोरेटरची जुनी बुलेट असेल तर त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं जेट बदलण्याच्या फंदात पडू नका. मोकळ्या नळीने हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं. मग प्लग पांढराफटक पडतो, इंजिन तापतं, इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप निळा होतो. निळा रंग छान दिसतो, लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात. उतारावर थ्रॉटल सोडलात की फट् फट् फटाके वाजतील. सैल जोडातून आत शिरलेली हवा आणि न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत भेटतात, त्याचा हा सोहळा. पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे असताना दिवाळी रोज साजरी करणारे तुम्हीच. गाडी बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली, असेल आणि बेंड पाइपासकट सगळं बदललं असेल, तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भंगारात जाईल आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागेल. त्यावर काळी चिकटपट्टी लावा. इतका स्वस्त इलाज दुसऱ्या कुठल्या आजाराला नाही.

कायद्याचं काय? 175 सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. पकडले गेलात तर दंड दहा हजारांपर्यंत, वर तीन महिने लायसन्स जायची सोय. महाराष्ट्रात कितीतरी शहरांत पोलिसांनी असल्या पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवलाय. तिथे गर्दीत उभं राहून आपली ओळखायचा प्रयत्न करा.

एक व्यावहारिक सूचना मात्र खरीच लिहून ठेवा. रात्री बारानंतर घरी परतायचं असेल, तर चौकातच इंजिन बंद करा आणि जवळपास दोनशे किलोंची ती गाडी ढकलत, घाम पुसत, दारापर्यंत आणा. शेजारची आजी झोपली असेल म्हणून नव्हे. वडील जागे असतात म्हणून.