पाणीपट्टी आणि मीटर: सदाशिव पेठेतल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घरगुती पाण्याला मीटर लावून वापराप्रमाणे पट्टी घ्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पाणी पावसाचं आहे, त्याचा माल करून विकू नका, खासगी कंपनीच्या हातीही देऊ नका. महापालिकेनं आधी गळती थांबवावी, मग आमच्या दारात मीटर आणावेत. आणि मीटर आला की धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या घरी बिलाचा बोजा पडेल, बंगलेवाल्याला काही फरक पडणार नाही. शेवटी विचारलंत, ‘पुणेकरांच्या रागाची तुम्हाला कल्पना तरी आहे का?’

आहे. आणि त्यातला एक राग सोळा आणे खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. २०१६ साली समान पाणीपुरवठा योजनेसाठी पाणीपट्टीवाढ मंजूर झाली. सुरुवातीची काही वर्षं दरसाल १५ टक्के, पुढे २०४७ पर्यंत दरसाल ५ टक्के. चोवीस तास पाणी मिळेल म्हणून ही वाढ होती. वाढ बिलात आली, चोवीस तास पाणी शहरभर आलं नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, म्हणजे जाब विचारायचा तरी कुणाला? मी ‘पाणीपट्टी वाढायलाच हवी’ असं सरसकट लिहून गेले होते. ते वाक्य मी मागे घेते. ज्या भागात ठरलेलं पाणी ठरलेल्या दाबानं येत नाही, तिथे एक रुपयाही वाढवू नये.

पण मीटर म्हणजे दरवाढ नव्हे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आणल्या, लोकांचा राग सगळ्या गाठोड्यावरच निघाला, आणि त्यात मीटरही सापडला. आजची घरगुती पाणीपट्टी मुख्यतः मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे महापालिकेनं करासाठी धरलेल्या घराच्या किमतीवर ठरते. तुम्ही आणि काकू दोघंच घरात असाल आणि शेजारी तेवढ्याच घरात सात माणसं असतील, रोज पाइपनं गाडी धुतली जात असेल, तरी पट्टी सारखीच. पाणी किती वापरलं, हा प्रश्नच त्या बिलात नाही.

पाणी पावसाचं, हे मान्य. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि त्याच पाण्याच्या उन्हाळी आवर्तनाकडे, म्हणजे कालव्यातून शेतीला सोडायच्या पाण्याकडे, दौंड-इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. जलसंपदा विभाग महापालिकेकडून मोजून पैसे घेतो. म्हणजे धरणापाशी पाणी मोजलं जातं आणि आपल्या दारात आलं की बिलासाठी मोजणं थांबतं.

गळतीबद्दल सांगते, कारण तिथे माझा अनुभव आहे. आमच्या इमारतीत बारा घरं. तीन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनीवर एक साधा मीटर बसवला. त्याच्या आकड्यांखाली एक बारीक लाल चाक असतं, धार कितीही बारीक असली तरी फिरतं. एका रात्री अडीच वाजता मी टॉर्च घेऊन वर गेले. सगळी घरं झोपलेली, एकही नळ चालू नाही, आणि ते लाल चाक फिरतंय. अकरा ते सहा एवढ्या वेळात सव्वादोनशे लिटर पाणी गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरलो. एका फ्लशच्या टाकीतला वॉशर झिजला होता. पाणी भांड्याच्या आतल्या भिंतीवरून इतकं पातळ उतरत होतं की वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला तेव्हा कुठे ते कळलं. चाळीस रुपयांच्या वॉशरनं काम झालं. त्या घरातल्या आजी बिचाऱ्या बादलीभर पाणी दोन दिवस पुरवणाऱ्या. त्यांना तरी काय माहीत!

शहराची गळती चाळीस टक्क्यांच्या घरात सांगतात. त्यातली फुटक्या जलवाहिन्यांतून किती, चोरून घेतलेल्या जोडांतून किती, हे मोजल्याशिवाय कुणी कसं सांगणार? समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडले ते याचसाठी. विभागात शिरलेलं पाणी आणि घरांत पोचलेलं पाणी यांत फरक आला, तर खोदायचं कुठे ते कळतं. म्हणून ‘आधी गळती, मग मीटर’ हा तुमचा क्रम मला पटत नाही.

आता गरिबाच्या घराचं. हा तुमचा मुद्दा माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. दिल्लीत २०१५ पासून घरटी महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत आहे, आणि ते चालू मीटर असलेल्या घराला मिळतं. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाच जणांचं महिन्याचं पाणी जवळपास तेवढंच होतं. मात्र दिल्लीत वीस हजारांवर थोडं जरी गेलं की सगळ्या वापराचं बिल लागतं. ते मला चुकीचं वाटतं, फक्त वरच्या पाण्याचेच पैसे घ्यावेत. मुंबईत माणशी १५० लिटरच्या पुढे दर दुप्पट, तिप्पट होत जातो. आपल्या जवळ, कराडशेजारच्या मलकापूरनं मीटर आणि चढते दर ठेवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. बंगल्यातल्या हिरवळीला फरक पडतो तो अशाच दरानं. आज तिला फरक पडत नाही, ही तुमचीच तक्रार आहे ना?

आणि सगळ्यात महाग पाणी आज कोण घेतं, तेही पाहा. मी शहरात नंतर सामील झालेल्या गावात राहते. गेल्या मे महिन्यात आम्ही दहा हजार लिटरच्या टँकरला १८०० रुपये मोजले. हजार लिटरला १८० रुपये! मुंबईत घरगुती नळाचा मूळ दर हजार लिटरला सहा-सात रुपयांच्या आसपास आहे. शिवाय ते पाणी कुठल्या विहिरीचं, शुद्ध केलेलं की नाही, काही कळायला मार्ग नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा आम्ही महिनाभर भाजीसुद्धा उकळून गार केलेल्या पाण्यात धूत होतो. म्हणून ‘पाण्याला पैसे लावू नका’ हे वाक्य ऐकलं की मला आमच्या टँकरची वही आठवते.

खासगीकरणाची तुमची भीती मला खोटी वाटत नाही. मीटर कुणीही बसवो, दर ठरवण्याचा हक्क निवडून आलेल्या सभागृहाकडेच राहिला पाहिजे. त्यासाठी निवेदन देणार असाल तर माझी सही धरा.

एक विनंती. तुमच्या गेल्या वर्षीच्या पाणीपट्टीचा आकडा आणि घरातली माणसं किती, एवढं कळवाल का? पावतीचा फोटो नको. आमच्या टँकरच्या वहीतले बारा महिन्यांचे आकडे मी काढून ठेवलेत. दोन्ही शेजारी मांडून पुढच्या लेखात हिशोब करते, चुकला तर तुम्हीच सांगा.