जुना कॉम्प्युटर भंगारात? जरा थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘विंडोज १० संपलं, जुना कॉम्प्युटर भंगारात काढा. लिनक्स कशावरही चालतं, तेव्हा मिळेल तो स्वस्त लॅपटॉप घ्या. नाहीतर सरळ मॅक घ्या, त्यात विंडोजही टाकता येतं.’ (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम.)

आधी भंगाराचं बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. मशीन बंद पडलं नाही. विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही ते टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या प्रोसेसरच्या यादीमुळे. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. लिनक्सला या दोन्हींशी देणंघेणं नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्तीला ४ जीबी रॅम पुरते, ८ असेल तर उत्तम. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवली की तेच मशीन इतकं पळतं की ओळखू येत नाही.

‘कशावरही चालतं’ हे मात्र आम्हा लिनक्सवाल्यांचंच पाप. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असेल तर सगळं आपोआप चालतं, नसेल तर वायफायसाठी रात्र जाते. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप आणि बरेच फिंगरप्रिंट सेन्सर त्रास देतात. अगदी नवं मॉडेल तर आणखी जोखमीचं, कारण त्यातल्या चिप ओळखणारं कर्नल तुमच्या डिस्ट्रोत (मिंटसारख्या लिनक्सच्या आवृत्तीत) अजून आलेलं नसतं. म्हणून वर्ष-दोन वर्षं जुनं मॉडेल बरं. स्नॅपड्रॅगनवाले (इंटेलऐवजी मोबाइलसारख्या एआरएम चिपचे) लॅपटॉप लिनक्ससाठी तूर्त टाळा. आणि स्वस्तातल्या मशीनमध्ये रॅम अनेकदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढत नाही.

घेण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का तेही. (हे शेवटचं कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथेच अडतं.) फोटोशॉपवर पोट असेल तर लिनक्सचा विचारच सोडा, त्याची लिनक्स आवृत्ती नाही.

मॅकबद्दलचं म्हणणं जुनं झालंय. बूटकॅम्प (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) इंटेलच्या मॅकवर चालायचं. २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या चिपवर ते नाही. तिथे विंडोज चालतं ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये), तेही एआरएम चिपसाठीचं. शिवाय विंडोजवर वापरलेली एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) डिस्क मॅक वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय तीवर काही लिहीत नाही.