एक दिवस आधीचा वाढदिवस

काम एका ओळीचं होतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या 'डेट'चं नव्या 'लोकलडेट'मध्ये रूपांतर करायचं. "अर्ध्या तासात देतो," असं मी मॅनेजरला सांगितलं. ही सोमवारची गोष्ट.

हा जुना डेट 1996 सालचा, घरातल्या एखाद्या विक्षिप्त काकांसारखा. याचे महिने शून्यापासून, दिवस मात्र एकपासून. वर्षं 1900 पासून मोजायची. भोळेपणाने 2024 दिलंत तर 3924 साल उजाडतं. आणि नाव डेट असलं तरी पोटात तारीख नाहीच! आहे तो 1 जानेवारी 1970 पासूनच्या मिलिसेकंदांचा आकडा, तोही यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या हिशेबाने. 2014 मध्ये जावा 8 बरोबर लोकलडेट आला. गुणी पोर, नुसती तारीख सांगतो, गप्प बसतो. पण काकांना घराबाहेर काढायची कुणाची टाप नाही.

त्यामुळे आधी डेटचा इन्स्टंट, म्हणजे काळातला नेमका क्षण करा, त्याला टाइमझोन चिकटवा, मग लोकलडेट काढा. तहसील कचेरीतली तीन टेबलंच ही. मधल्या टेबलावर "झोन कुठला?" असं विचारतात. मी लिहिलं, सिस्टिम डिफॉल्ट. म्हणजे, त्या मशीनवर असेल तो.

डेटाबेसमधून आलेल्या डेटने तर इन्स्टंट व्हायलाच नकार दिला. तो काकांचाच मुलगा. बापाचं नाव लावतो, पण बापाचं काम सांगितलं की एक्सेप्शन, म्हणजे एरर अंगावर फेकतो. त्यात मंगळवार गेला.

बुधवारी लॅपटॉपवर सगळं चाललं. सर्व्हरवर चढवलं आणि गावभरचे वाढदिवस एक दिवस आधी आले. 1 जानेवारीवाले 31 डिसेंबरचे झाले, म्हणजे कागदोपत्री आदल्या वर्षीचे. लॅपटॉप भारतातला, सर्व्हर यूटीसीवर. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेसहा. संध्याकाळचे!

रात्री फोनवर आजीला हे रडगाणं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, सूर्योदयाला असेल ती त्या दिवसाची तिथी. पण सूर्योदय कुठल्या गावचा, ते आधी नको का बघायला?"

एवढं ज्ञान मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी दिलं नव्हतं. डिफॉल्ट खोडलं आणि भारताच्या झोनचं नाव तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणत टाइप केलं, "एशिया, कोलकाता."

"कोलकाता?" आजी म्हणाली. "आपण सांगलीचे ना रे?"