आधी चुकलं म्हणा, पैशाचं नंतर पाहू

आमच्या भुसावळच्या एका ग्रुपवर परवा विमान दुर्घटनांवरून चर्चा चालली होती. एकाने लिहिलं, "लष्करी सरावात अशा गोष्टी होतातच, त्याचा एवढा बाऊ कशाला?" खाली पाच-सहा अंगठे. तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

4 ऑक्टोबर 2001. इस्रायलच्या तेल अवीवहून रशियातल्या नोवोसिबिर्स्कला निघालेलं, रशियाच्याच सैबेरिया एअरलाइन्सचं तुपोलेव्ह-154 विमान काळ्या समुद्रात कोसळलं. 66 प्रवासी, 12 कर्मचारी. एकही वाचलं नाही. प्रवाशांमध्ये बरेचसे जुन्या सोव्हिएत मुलखातून इस्रायलला जाऊन स्थायिक झालेले, आपल्या माणसांना भेटायला निघालेले. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता, त्यामुळे सगळ्यांच्या मनात पहिली शंका घातपाताचीच आली.

त्याच वेळी क्रिमियाच्या किनाऱ्यावर युक्रेनच्या सैन्याचा क्षेपणास्त्र सराव चालू होता. निशाणा होता एक ड्रोन. त्यावर सोडलेलं एस-200 हे विमानवेधी क्षेपणास्त्र स्वतः निशाणा शोधत नाही. जमिनीवरचं रडार निशाण्यावर लहरी टाकत राहतं, त्या आपटून परत येतात आणि क्षेपणास्त्र त्या परतीच्या लहरींच्या मागे जातं. चौकशीतून पुढे आलं ते असं, की ड्रोन दुसऱ्याच क्षेपणास्त्राने आधी पाडलं. एस-200 मोकळं राहिलं आणि त्याच दिशेला, कितीतरी पलीकडे, अकरा हजार मीटरवरून चाललेल्या प्रवासी विमानावर जाऊन फुटलं. याचा पल्ला अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या भुसावळहून सोडलं तर पार छत्रपती संभाजीनगर ओलांडून जाईल. एवढ्या पल्ल्याचं हत्यार हवाई मार्गाच्या दिशेने सोडायचं आणि त्या मार्गावरची विमानं थांबवायची नाहीत, याला मी "होतंच" म्हणणार नाही. हा हलगर्जीपणा आहे.

पण मला जास्त लागतं ते त्यानंतरचं. सुरुवातीला युक्रेनच्या सैन्याने साफ कानावर हात ठेवले. आमचं क्षेपणास्त्र तिथवर पोचूच शकत नाही, म्हणाले. मग समुद्रातून काढलेल्या अवशेषांत क्षेपणास्त्राच्या स्फोटकातल्या पोलादी गोळ्या सापडल्या, तेव्हा कुठे भाषा बदलली. राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा तर असं बोलून गेले, की आपण पहिले नाही आणि शेवटचेही नाही, याची शोकांतिका करू नका. संरक्षणमंत्री कुझमुक यांचं पद गेलं. पुढे मृतांच्या कुटुंबांना माणशी दोन लाख डॉलर देण्याचं ठरलं, पण कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता. विमान कंपनी कीवच्या न्यायालयात गेली, तिथे तिचा दावा फेटाळला गेला.

हे मला का लागतं ते सांगतो. माझे मामा केळीच्या बागेत पाणी द्यायला गेले होते. एका ठेकेदाराने काम अर्धवट सोडलं होतं, विजेची तार लोंबत होती, ती तुटून ओल्या मातीत पडलेली. मामा गेले. काही महिन्यांनी ओसरीवर येऊन ठेकेदाराचा माणूस पाकीट ठेवून गेला, सोबत एक कागद. त्यावर वादळाने घडलेला अपघात असं लिहिलेलं, आणि खाली मामीच्या अंगठ्यासाठी जागा. त्या दिवशी वादळ नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मामीने शाईचं पॅड बाजूला सारलं. "आधी चुकलं म्हना, पैशाचं मंग पाहू," एवढंच बोलली. तो माणूस पाकीट उचलून निघून गेला. मामीने पुढे मुलं मजुरी करून वाढवली आणि माझ्या लेखी तिने केलं ते बरोबर केलं.

कुणी म्हणेल, सैन्याला प्रश्न विचारायचे नाहीत. अहो, आपल्या खान्देशात फौजेत पोरगा नाही असं गाव दाखवा. वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हयात घालवलेली माणसं आपल्या गल्लीत राहतात. आपण नाही विचारायचं तर कोणी? 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरात बडगाममध्ये आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाईदलाचे सहा जण गेले, त्यांत शेजारच्या नाशिकचा एक वैमानिक, आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक. ऑक्टोबरमध्ये हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी ती आमची मोठी चूक होती, असं जाहीर सांगितलं. सात महिने लागले, ते मला पटत नाही. पण सांगितलं. त्याने हवाईदलाची मान खाली गेली का? मार्च 2022 मध्ये चुकून सुटलेलं आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं, तेव्हाही सरकारने दोन दिवसांत कबुली दिली आणि पुढे तीन अधिकारी बडतर्फ झाले. त्या वेळी त्या आकाशात प्रवासी विमानं होती. नशिबाने सगळी सुखरूप उतरली.

आणि ही काही जुनी गोष्ट नाही. 25 डिसेंबर 2024 ला अझरबैजानचं प्रवासी विमान रशियातल्या ग्रोझ्नीत उतरायला निघालं होतं. खाली रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा युक्रेनच्या ड्रोनवर मारा करत होती. विमानाला इजा झाली, ते कसंबसं कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानातल्या अक्ताऊजवळ पडलं, 67 पैकी 38 जण गेले. पुतिन यांनी तीन दिवसांनी माफी मागितली, पण आपल्या हद्दीत घटना घडली एवढ्यापुरतीच. आमची क्षेपणास्त्रं विमानाजवळ फुटली, हे सांगायला ऑक्टोबर 2025 उजाडला. 2001 मध्ये नोवोसिबिर्स्कच्या कुटुंबांच्या वतीने युक्रेनकडे उत्तर मागणारा देश हाच, रशिया.