सायकॉलॉजीच्या नावाखाली हात झटकू नका

अकरा दिवस आमच्या गल्लीतलं चेंबरचं झाकण तुटून पडलेलं होतं आणि २१२ जणांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकूण एक माणसाला ते माहीत होतं, आणि बाराव्या दिवशी सकाळी सहाला माझे पप्पा दूध आणायला गेले आणि पाय सरळ आत. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, गुडघा फुटला, कपाळाला टाके. वय ७१. गेल्या आठवड्यापासून त्यांना शर्टची बटणं पण आम्ही लावून देतोय आणि त्या माणसाला त्याची इतकी लाज वाटते की बटण लावताना ते भिंतीकडे बघत राहतात.

नाशिकला पाथर्डी फाट्यापाशी राहतो आम्ही. मोठी सोसायटी, तीन विंग, खाली गेटबाहेर छोटी गल्ली, त्या गल्लीच्या तोंडाशीच ते चेंबर. झाकण तुटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फोटो पडला होता. त्याखाली काय काय आलं ते मी काल रात्री परत वर जाऊन सगळं वाचलं. बापरे. खूप डेंजर आहे. लहान मुलं खेळतात तिथे. हात जोडलेले आठ जणांचे. "कोणीतरी बघा रे प्लीज" हे चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय, चार! मग कोणीतरी सिंहस्थाचा विषय काढला, त्यावरून राजकारण, त्यावरून दोघांची जुंपली, मग ॲडमिनने विषय बंद करायला सांगितलं. झालं. झाकणाचा विषय पण त्याच्यासोबत बंद. तक्रारीचा एक फोन, एक, कोणी केला नाही.

चौथ्या दिवशी कोणीतरी त्या भोकात कडुलिंबाची फांदी खोचली आणि वर लाल फडकं बांधलं. कोणी ते आजपर्यंत कळलं नाही, आणि ज्याने केलं त्याला मी काही बोलणार नाही, त्याने निदान हात तरी हलवला. पण त्या फांदीने घात केला. फांदी दिसली की प्रत्येकाला वाटायचं चला, कोणाचं तरी लक्ष आहे, तक्रार गेली असणार. मलाही तेच वाटलं. हो, मलाही. मी रोज ॲक्टिव्हा त्या फांदीच्या बाजूने वळवून ऑफिसला जायचे आणि रोज मनात म्हणायचे, अजून कसं नाही झालं हे. आठवड्याभरात फांदी वाळली, पानं गळली, मग एक दिवस नुसती काडी राहिली आणि मग तीही नाही. भोक तसंच. हे लिहिताना माझा स्वतःवरचा राग कमी नाहीये, उलट बाकी सगळ्यांवर आहे त्याच्यापेक्षा जास्त आहे, कारण बाप माझा पडला.

पण हे सगळं लिहायला बसायचं कारण वेगळंय. परवा लिफ्टपाशी बी विंगमधले एक दादा भेटले, अंबडला कंपनीत मॅनेजर आहेत, पप्पांची चौकशी केली, बरं वाटलं. आणि मग अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणतात, "ताई, लोकांना दोष देऊन उपयोग नाही, याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात, ह्यूमन सायकॉलॉजी आहे, आपला मेंदूच तसा वायर्ड आहे." म्हणजे बघणारे जितके जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी करेल, आणि कोणीच करत नाही. वर न्यूयॉर्कच्या त्या मुलीची गोष्ट, ३८ लोकांनी खिडकीतून खून बघितला आणि कोणी हललं नाही. म्हणजे काय, तर कोणाचीच चूक नाही, मेंदूची चूक. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही बोलताच आलं नाही, लिफ्ट आली आणि ते वर निघून गेले. तेव्हा जे बोलायचं होतं ते आता बोलते.

दादा, मी सायकॉलॉजीच शिकलेय. एम.ए. केलंय. तुम्ही जे अर्धं वाचलंय ना, त्याचा उरलेला अर्धा भाग ऐका.

ती गोष्ट किटी जेनोव्हीजची. १३ मार्च १९६४, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, पहाटेची वेळ. तेव्हाच्या पेपरमध्ये छापून आलं की ३८ जणांनी अर्धा तास बघितलं आणि कोणी काही केलं नाही, आणि तेच पुढची चाळीस वर्षं आमच्या पुस्तकांत छापत राहिले. २००७ मध्ये तीन संशोधकांनी जुने कागद काढून दाखवून दिलं की हे ३८ चं प्रकरण असं नव्हतंच, बऱ्याच जणांनी फक्त आवाज ऐकला होता, काय चाललंय ते कळलं नव्हतं. आणि सोफिया फरार नावाची शेजारीण, बुटकीशी बाई, खुनी तिथेच असेल की गेला असेल हे माहीत नसताना खाली धावत गेली आणि किटीला जवळ घेऊन बसली. ती कुठे आहे तुमच्या गोष्टीत? तिला कशी काय विसरलात? का तर ती आली की "मेंदूच तसा आहे" हे वाक्य म्हणता येत नाही.

बरं, प्रयोग खरे आहेत, ते मी नाकारत नाही. बिब लाताने आणि जॉन डार्ली हे दोन मानसशास्त्रज्ञ, १९६८. खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीच्या फटीतून धूर सोडायचा. एकटा असेल तर ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. सोबत दोन जण मुद्दाम ढिम्म बसवलेले असले तर १० टक्के. धुरात डोळे चोळत, खोकत, फॉर्म भरत बसले लोक! का, तर शेजारचा शांत आहे म्हणजे काही गंभीर नसणार. आणि शेजारचा का शांत, तर तो आपल्याकडे बघून. दुसऱ्या प्रयोगात इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज, ऐकणाऱ्याला वाटलं फक्त आपणच ऐकतोय तर ८५ टक्के मदतीला उठले, अजून चौघं ऐकतायत असं वाटलं तर ३१. ग्रुपवर २१२ जण म्हटल्यावर काय होणार ते कळतंच.

दोरी ओढायचा प्रयोग तर त्याच्याही आधीचा, रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनिअरचा, १९१३ ला छापलेला. आठ माणसं मिळून ओढायला लागली की जोर जेमतेम चार माणसांइतका. थोडा जोर एकमेकांशी मेळ न बसल्याने जातो, पण थोडा यामुळे की आपण ढिलं सोडलं तर कोणाला कळणारे. गणपतीच्या आरतीत बघा, पन्नास जण उभे असतात आणि टाळ्या पाच जणांच्या ऐकू येतात. मेंदूचे स्कॅन पण झालेत, २०१४ ला, आजूबाजूला बघे जितके जास्त दाखवले तितका मेंदूतला शरीर हलवायची तयारी करणारा भाग कमी जागा झाला. इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर आहे दादा.

पण त्या फिटच्या प्रयोगात जे उठले नाहीत ना, त्यांना नंतर बघितलं तर हात थरथरत होते, तळहाताला घाम. निर्दय नव्हते ते. अडकलेले होते, जाऊ की नको. म्हणजे हा दगडी मेंदू नाहीये, हा एका जागी अडलेला माणूस आहे आणि अडलेल्याला सोडवता येतं. कसं तेही त्याच विषयात सापडलंय. १९७८ ला एक साधा प्रयोग झाला, कॉलेजच्या मुलांना याच बायस्टँडर इफेक्टवर एक लेक्चर दिलं आणि दोन आठवड्यांनी वाटेत एक माणूस पडलेला ठेवला. ज्यांनी लेक्चर ऐकलं होतं ते न ऐकलेल्यांपेक्षा जास्त थांबले. नुसतं माहीत असण्याने माणूस जास्त मदत करतो! आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला नाव सुद्धा पाठ होतं. मलाही होतं. मग ग्रुपवर ज्यांना या रोगाचं नाव माहीत होतं त्या आपल्या दोघांची जबाबदारी बाकीच्यांपेक्षा जास्त होती की कमी?

आणि २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनच्या रस्त्यावरच्या सीसीटीव्हीतल्या २१९ भांडणांचं फुटेज बसून बघितलं संशोधकांनी. दहात नऊ वेळा, अगदी आकडा सांगायचा तर ९१ टक्के वेळा, कोणी ना कोणी मध्ये पडलंच. जितकी गर्दी जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडायची शक्यता जास्त. त्यामुळे "माणूस असाच असतो" हे वाक्य माझ्यासमोर परत म्हणू नका.

सीसीटीव्हीवरून आठवलं. आमच्या गेटचं फुटेज मी बघितलं. बघायला नको होतं पण बघितलं. ६ वाजून १२ मिनिटांना पप्पा पडतात. पिशवी उडते, दूध रस्त्यावर. एक बाईकवाला स्लो होतो, बघतो, वळसा घालून जातो. मग मॉर्निंग वॉकचे दोघं येतात, थांबतात, आणि पप्पांकडे नाही बघत, एकमेकांकडे बघतात. तो म्हणेल मग मी करेन, असे. एक जण खिशातून मोबाईल काढतो, मला वाटलं १०८ ला लावतोय, नाही, फोटो. तो फोटो सव्वासहाला ग्रुपवर आलेला आहे, "कोणाचे बाबा आहेत हे? कोणीतरी बघा." माझे बाबा आहेत. मी तेव्हा झोपले होते.

६ वाजून १९ ला भाजीवाली मावशी दिसते, गिरणाऱ्याकडून मेथी-पालक घेऊन येते ती. हातगाडी तिथेच रस्त्याच्या मध्ये सोडली, गाडी उतारावर थोडी घसरली तरी मागे वळून बघितलं नाही, सरळ जाऊन पप्पांच्या डोक्याखाली स्वतःचा पदर लावला. पप्पा सांगतात, ती म्हणाली "बाबा, हालू नका, हात तसाच ऱ्हाऊ द्या." आणि मग त्या दोघांपैकी एकाकडे बोट करून, फुटेजमध्ये बोट स्पष्ट दिसतं, "ओ निळं टीशर्ट, तुम्ही रिक्षा आणा. पळा." आणि तो पळाला! तोपर्यंत खांबासारखा उभा होता तो माणूस, त्याच्यावर बोट आलं आणि तो पळाला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायला, शिकवताना हेच शिकवतात, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणू नका, एका माणसाकडे बघा, बोट दाखवा, काम सांगा. मावशीला हे कोणी शिकवलं नव्हतं.

कोणाकोणाला अजून पोलिसांची भीती आहे म्हणे, मदत केली तर लफडं मागे लागेल. अहो कायदा बदललाय. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १३४ अ कलम टाकलंय त्यासाठी. आणि चेंबरच्या झाकणासाठी फोन करायला कसली आलीये पोलिसांची भीती? त्याच संध्याकाळी दवाखान्यातून येऊन मी केला फोन. साडेतीन मिनिटं लागली, नंबर, पत्ता, जवळची खूण, तक्रार नंबर. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला नवीन झाकण बसलं होतं. साडेतीन मिनिटांचं काम अकरा दिवस २१२ लोकांच्या हातून झालं नाही, आणि आता त्या झाकणाचा फोटो ग्रुपवर टाकून एकमेकांचं अभिनंदन चाललंय.

काल रात्री परत. "ए विंगच्या लिफ्टमधून जळका वास येतोय, कोणीतरी बघा रे." बघता बघता खाली चार जणांचे "हो मलाही आला", "सेम", एक घाबरलेला चेहरा. मी हे सगळं अर्धवट लिहून बसले होते. मी टाइप केलं: "कोणीतरी नाही. ३०२ वाले काका, तुम्ही लिफ्टवाल्याला आत्ता फोन करा, नंबर नोटीस बोर्डवर आहे. बी विंगचे मॅनेजर दादा, तुम्ही खाली येऊन लिफ्टसमोर उभे राहा, कोणालाही आत जाऊ देऊ नका. मी मेन स्विच बंद करायला निघालेय."

खाली गेले तर दादा नाइट पँटवरच येऊन उभे होते. काही बोलले नाहीत. मी पण नाही. दोन मिनिटांनी काकांचा मेसेज आला, फोन केलाय, माणूस निघालाय.