हीटरची पत्ती डायरेक्ट करा म्हणे!

काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला अन् खाली लिहिलं, "आपल्या ब्लोअरचं पण असंच करून दे ना रे." व्हिडिओतला भाऊ सांगतो का ब्लोअर, म्हणजे पंख्याचा हीटर, मधेच बंद पडतो तो आतल्या छोट्या पत्तीमुळं, कंपनीवाले ती मुद्दाम टाकतात, काढून वायर डायरेक्ट जोडा, गरमी डबल अन् बिल हाफ. नागपुरात थंडी पडते, मान्य, डिसेंबर 2018 मधे तं पारा 3.5 अंशावर गेला होता, पण म्हणून घर पेटवायचं का बाप्पा?

ती पत्ती म्हणजे बायमेटलचा कटआउट, जास्त तापलं का करंट तोडणारा. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापले का एक जास्त पसरतो, पत्ती वाकते, करंट तुटतो, थंड झाली का परत जुळते. जाळीत धूळ बसली, पंखा जाम झाला, नाहीतर कोणी वर टॉवेल वाळत टाकला, का हवा अडते अन् कॉइलची गरमी आतल्या आत साठते. तेव्हा हीच वाचवते. बऱ्याच हीटरमधे जोडीला थर्मल फ्यूज पण असतो, म्हणजे फार तापलं का एकदाच उडून करंट कायमचा तोडणारा, हा बहाद्दर तोही काढायला सांगतो अन् वरून म्हणतो "घरात एमसीबी आहे ना!" अरे, एमसीबी म्हणजे बोर्डातला जास्त करंट गेला का आपोआप पडणारा स्विच, त्याला करंट समजतो, हीटर किती तापला ते नाही समजत. पंखा बंद पडला तरी 2000 वॅटची कॉइल तेवढेच पावणेनऊ अँपिअर ओढत राहते, मग एमसीबी कशाला पडेल? प्लास्टिक वितळून शॉर्ट झालं तं पडेल, तोवर पडद्यानं पेट घेतला असंल.

अन् कंपनीची बदमाशी कसली? रूम हीटरसाठी आयएस 302-2-30 हे आपलं भारतीय मानक आहे, त्यात हीटर झाकला गेला तं काय होतं याची टेस्टच आहे. हीटरवर "झाकू नका" लिहिलेलं असते ते काय शोभेसाठी?

डबल गरमी म्हणे. कॉइल तीच, वॅट तेच, तासाला 2 युनिट. पत्ती बंद करत होती ते पण आता चालूच राहणार, तं बिल वाढंल का कमी होईल? हीटरनं खोलीतला ऑक्सिजन जळतो असं कोणी म्हणत असंल तं तेही सोडून द्या, तिथं काही जळतच नाही.

एक मात्र खरं, स्वस्तातला कटआउट कमजोर होऊन लवकर पडायला लागतो, अन् दुकानवाला सरळ "नवा हीटर घ्या" म्हणतो. पण मग आधी प्लग काढून जाळी साफ करा, नाही जमलं तं मेकॅनिककडून त्याच तापमानाचा, त्याच अँपिअरचा नवा कटआउट बसवून घ्या. थर्मल फ्यूज पण बदलायचा असंल तं मेकॅनिकला क्रिंप करायला, म्हणजे दाबून जोडायला सांगा, सोल्डर करत बसला तं त्या गरमीनं नवा फ्यूज तिथंच उडवून ठेवंल.