खोडरबर बंद

कट्ट्यावर काल वाद पेटवला मास्तरने. मास्तर म्हणजे आमचा गणित शिकवणारा मित्र. "वर्गात खोडरबर बंद केलाय मी. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा सोडवायचं. पालक भांडायला आले, वही घाण दिसते म्हणून."

"बरोबर आहे त्यांचं," इंजिनिअर म्हणाला. "हल्ली चुकांचे नुसते लाड चाललेत. आमच्या कामात चूक झाली की माणसं मरतात."

"तो तुझा अमेरिकेतला टॅकोमाचा पूल पडला, त्यात कोण मेलं?" चित्रकाराने डिवचलं.

"एक कुत्रं. माणसं वाचली ते नशीब. 1940च्या जुलैत पूल खुला झाला, नोव्हेंबरात खाली. वाऱ्याचा दाब हिशेबात धरला होता, पण वाऱ्यात पूल पिळवटायला लागेल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हापासून मोठ्या झुलत्या पुलांची मॉडेलं विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडतात त्या बोगद्यात घालून बघतात."

"म्हणजे चुकीचा उपयोग झालाच!"

"चुकीचा नाही, चौकशीचा. नुसता पूल पडून कोणी शहाणं होत नाही."

मी मध्येच पेनिसिलिन काढलं. (चुकांचा विषय निघाला की फ्लेमिंगच्या बशीत 1928 ला धरलेली, ज्यातून हे औषध निघालं ती बुरशी कोणीतरी काढतोच, काल माझी पाळी होती.) मास्तरने लगेच उडवलं. "बशीत बुरशी धरणं हे प्रयोगशाळेत नेहमीचंच. त्याने ती फेकायच्या आधी नीट पाहिली, एवढंच. त्याचं औषध करायला पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन हे शास्त्रज्ञ राबले, तेही दहा-बारा वर्षांनी."

मग चित्रकार सरसावून बसला. "लिओनार्दो दा विंचीचं 'लास्ट सपर' घ्या, येशूच्या शेवटच्या जेवणाचं भिंतीवरचं चित्र. भित्तिचित्राची तेव्हाची रीत म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा. गिलावा वाळला की रंग भिंतीचाच होतो, शेकडो वर्षं टिकतो. पण हात झपाझप चालवावा लागतो. चुकलं तर तेवढा गिलावा खरवडून परत लावा. या बाबाला ते जमणारं नव्हतं. त्याला थांबायचं असायचं, बघत बसायचं असायचं, काल काढलेला हात आज बदलायचा असायचा. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. मिलानला, 1495 ते 98च्या सुमारास. तो जिवंत असतानाच पोपडे सुटायला लागले. अलीकडची डागडुजी 1978 ला सुरू झाली ती 1999 ला संपली!"

"थांब," इंजिनिअर म्हणाला. "म्हणजे चूक सुधारायची सोय असावी म्हणून त्याने केलेली ही चूक?"

"हो. पण ओल्या गिलाव्यावर घाईघाईत काढलं असतं, तर टिकलं असतं आणि एवढं बघण्यासारखं झालं नसतं. आता बोल."

इंजिनिअर बोलला नाही. माझं मत विचाराल तर दोघांचंही मला पटत होतं, आणि त्यामुळेच वैतागही येत होता. चित्रकाराच्या चुकीचा भुर्दंड भिंतीने भरला, पुलाचा भरायला वर माणसं असतात. एकाच शब्दात दोन्ही कोंबून आपण भांडत बसतो.

इंजिनिअर मात्र मास्तरकडे वळला. "तुझ्या त्या आडव्या रेघा परीक्षेतही चालतात ना रे?"

मास्तरने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नीटनेटकेपणाचे दोन मार्क आहेत," तो म्हणाला. "ते शाळेने ठेवलेत, मी नाही."